ऋषीनं विचारलेला शब्द

बोरी बुद्रुक
९ फेब्रुवारी १९९८

चि. ऋषीस हौशीराममामाचा आशीर्वाद.

तुझं कार्ड मी ऑपरेशनला पुण्याला निघालो त्याच्या आदल्या दिवशी मिळालं. उत्तर आत्ता देतोय. मी सांगतोय आणि आमची सूनबाई अक्षदा लिहितेय, म्हणून अक्षर वाचता येण्यासारखं आहे. मोतीबिंदू निघाला. डोळ्याला टाके आहेत आणि वर हिरवी पट्टी. दुसरा डोळा लहानपणीच बाजरीच्या कुसळानं गेलेला, त्यामुळे सध्या मला भिंत आणि माणूस सारखेच. डॉक्टर म्हणाले, वाकायचं नाही, शिंक दाबायची नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही, आणि रडायचं तर मुळीच नाही, टाके निघेपर्यंत. मी म्हटलं, साहेब, जन्मभर दहावीच्या पोरांना इंग्रजी शिकवलंय, माझं रडून झालेलं आहे.

आता तुझा शब्द. इंग्रजीत दोनदा गटांगळ्या खाल्लेला गडी टेम्पो चालवायला लागतो काय, टोमॅटोच्या क्रेटमध्ये अंथरलेल्या रद्दीतून शब्द वेचतो काय आणि मामाला कार्ड टाकतो काय! शाळेत असताना हीच हौस दाखवली असतीस तर मास्तर झाला असतास. असो. ब्लिअरी-आइड. म्हणजे डोळे थकलेले, किंचित पाणावलेले, नीट उघडत नाहीत आणि समोरचं धूसर दिसतं, असा माणूस. कारण बहुतेक जागरण. पेंगुळलेला म्हणू नकोस. पेंगुळतं ते लेकरू, त्याला झोप येत असते आणि ती मिळणारही असते. आपला ‘तारवटलेला’ जास्त जवळचा. प्यालेल्या माणसालाही लावतात, पण तुझा त्याच्याशी संबंध नाही असं मी धरून चालतो.

वाशी मार्केटला माल टाकून परत येशील तेव्हा गाडीच्या आरशात बघ, अर्थ समोर दिसेल. तीन वाक्यं करून पाठव. आणि बयाला म्हणावं, तुझा भाऊ आंधळा होऊन बसलाय, एकदा येऊन जा.

तुझा
हौशीराममामा

(त्याच पाकिटात वेगळी चिठ्ठी)

उज्ज्वलाताई,

तात्यांनी ‘चिरंजीव’ म्हणून सुरुवात केली आणि माझा हात थांबला. ते म्हणाले, पेन अडलं का? मी हो म्हटलं आणि मग लिहिलं.

ऋषीभावजी गेल्याचं त्यांना अजून माहीत नाही. आमचे आदेश तुमच्याकडं मातीला आले ते औषध आणायला जातो असं सांगून. येताना आत्यांचा निरोप घेऊन आले की दादाचे टाके निघेपर्यंत त्याला कळू द्यायचं नाही. आत्यांचा स्वतःचा मुलगा गेलाय आणि त्यांना भावाच्या डोळ्याची काळजी, त्यापुढं आम्ही काय बोलणार. हे पत्र मी फाडून टाकलं असतं, पण तात्या पोस्टमनला पाकिटाच्या खुणा सांगून विचारतात, नेलं का. उत्तर आलं नाही तर त्यांना शंका येईल. ताई, हे तुमच्याकडं मागू नये, कळतं मला. पण दोन ओळी लिहा. मात्र भावजी बरे आहेत असं लिहू नका. मला ते मोठ्यानं वाचावं लागेल.

तुमची
अक्षदा


डिंभे
१६ फेब्रुवारी १९९८

ती. मामांना उज्ज्वलाचा नमस्कार.

तुमचं पत्र पोचलं. हे घरी नाहीत म्हणून मी लिहिते आहे. ऑपरेशन नीट झालं हे वाचून आत्याबाईंना हायसं वाटलं. पत्र त्यांना सगळं वाचून दाखवलं. शब्दाचा अर्थ सांगितला तर म्हणाल्या, “म्हंजी डोळं तारवटल्यालं. येवढ्यासाठी कारड घातलं व्हय त्यानं? मला इचारायचं. मी सांगितलं असतं, आन् निजवलं बी असतं.”

मामा, मला त्या शब्दाचं आणखी विचारायचं आहे. तो फक्त डोळ्यांना लावतात की माणसालाही? आणि असा माणूस समोर बघत असतो तेव्हा त्याला समोरचं दिसतच नाही, की दिसतं पण कळत नाही? जरा सविस्तर सांगा. वाक्यं मागाहून पाठवते. आत्याबाईंचा गुडघा धरलाय आणि इकडच्या एसटीचा भरवसा नाही, म्हणून त्या आल्या नाहीत. राग मानू नका. डोळ्याला जपा.

उज्ज्वला

(आत घडी घातलेला कागद, ‘फक्त अक्षदाला’)

अक्षदा,

‘हे घरी नाहीत’ एवढंच लिहिलंय. ते खोटं नाही.

परवा दहावा झाला. आदेशभावजी आत्याबाईंसाठी दुखवट्याचं लुगडं घेऊन आले होते. आमच्याकडं माहेरचं लुगडं नेसल्याशिवाय बाई उंबरा ओलांडत नाही. माझा दुखवटा माझ्या भावानं आणला, मी नेसले, विषय संपला. आत्याबाईंनी मात्र हात लावला नाही. म्हणाल्या, “माझा भाऊ जिता हाय. तो येईल, त्याच्या हातानं दील, तवाच नेसंन. तवर मी घरातच बसंन.” भावजींनी लुगडं तसंच परत नेलं. त्या आतल्या खोलीत बसून असतात. पाणी मी भरते, बाजाराचंही मीच बघते.

पोलीस सांगत होते, टेम्पो खंडाळ्याच्या अलीकडं उभ्या ट्रकवर मागून गेला आणि ब्रेक मारल्याची खूणच नव्हती रस्त्यावर. डोळा लागला असणार म्हणाले. म्हणून मी मामांना तसं विचारलंय. तेवढं एक कळलं तर बरं होईल. ह्यांना कळलं होतं का, हे भ्याले होते का, एवढंच.

मला रडू येत नाही. भेटायला येणाऱ्या बाया गळ्यात पडतात आणि मीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवते. ह्यांच्या नावाचं पत्र पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मनात फक्त आलं की अक्षर छान आहे. मला काय झालंय कोण जाणे.

उज्ज्वला


बोरी बुद्रुक
२३ फेब्रुवारी १९९८

सौ. उज्ज्वलास आशीर्वाद.

तुझे प्रश्न ऋष्याच्या प्रश्नांपेक्षा चांगले आहेत. तो शब्द विचारतो आणि गप्प बसतो. शब्द डोळ्यांनाही लावतात आणि माणसालाही. रात्रभराच्या प्रवासानंतर गाडीतून उतरणारी माणसं ब्लिअरी-आइड. रात्रभर पेपर तपासणारा मास्तर ब्लिअरी-आइड. रडून सुजलेल्या डोळ्यांना मात्र सहसा लावत नाहीत, त्याला वेगळे शब्द आहेत. आणि ही अवस्था टिकणारी नसते. झोप झाली, तोंडावर पाणी मारलं, की माणूस त्यातून बाहेर येतो.

दिसतं का, हे विचारलंस. माझीच गोष्ट सांगतो. मी जुन्नरला असताना बोर्डाचे पेपर तपासून सलग जागरणं झाली होती. सकाळी शाळेकडं निघालो. रस्त्याच्या मधोमध गेणभाऊचा बैल उभा. केवढा मोठा बैल! मी डोळे उघडे ठेवून सरळ त्याच्या अंगावर चालत गेलो. बैल दिसत होता गं, पण तो बैल आहे हे आत पोचलंच नाही. धडकल्यावर कळलं. भ्यायचं तर राहूच दे, दचकायलाही वेळ मिळाला नाही. नंतर सगळं गाव हसलं, पण त्या घडीला मला काही म्हणजे काही वाटलं नव्हतं. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की दिसतं, पण कळत नाही.

आता बयाचं. गुडघ्याचं कारण मला सांगू नका. माघी चतुर्थीला ओझरला भेटली तेव्हा देवळाच्या गर्दीत माझ्यापुढं तरातरा चालत होती, मीच मागं राहिलो. इतक्यात गुडघा कुठून आला? एकुलता भाऊ, त्याचा एकुलता डोळा, आणि बहिणीला यायला होत नाही. तिला हे वाचून दाखव.

हौशीराममामा

(चिठ्ठी)

ताई, बैलाचं सांगताना तात्या मोठमोठ्यानं हसत होते. डोळ्याला ताण पडेल म्हणून आदेश त्यांना हसू नका म्हणत होते. मी लिहीत होते आणि मला वाटलं, हे तुमच्यासाठीच आहे. ‘सौ.’ त्यांनी सांगितलं तसं लिहिलं. माफ करा.

अक्षदा


डिंभे
३ मार्च १९९८

ती. मामांना नमस्कार.

तुम्ही सांगितलेलं कळलं. बैलाची गोष्ट मी पुन्हा पुन्हा वाचली. तुमचे फार उपकार झाले. वाक्यं अशी केली आहेत:

द ड्रायव्हर केम होम ब्लिअरी-आइड.
हिज मदर गेव्ह हिम टी.

तिसरं जमलं नाही. चुकलं असेल तर सांगा. आत्याबाई सध्या घराबाहेर पडत नाहीत, त्यांना दोष देऊ नका. इकडं धरणाचं पाणी उतरायला लागलंय. मासेमारीच्या होड्या आता पार लांब थांबतात.

उज्ज्वला

(‘फक्त अक्षदाला’)

अक्षदा, बैलाची गोष्ट आत्याबाईंना वाचून दाखवली.  मग म्हणाल्या, “म्हंजी माझ्या पोराला काय समजलं न्हाई.” मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, “दादा शिकल्याला हाय. तो खोटं न्हाई सांगायचा.” त्या दिवशी त्यांनी भाकरी खाल्ली.

मला झोप लागत नाही. अंथरुणावर पडते आणि छताकडं बघत राहते. दुःख म्हणावं तर तसंही काही जाणवत नाही. दिवस उजाडला की उठून कामाला लागते. कुणी काही सांगितलं तर दुसऱ्यांदा विचारावं लागतं. माझे डोळे बघून आत्याबाई म्हणतात, “तुझं बी तसंच झाल्यात बघ.” टाके कधी निघणार, एवढंच त्या मला सारखं विचारतात.


बोरी बुद्रुक
११ मार्च १९९८

बयास,

हे पत्र उज्ज्वलाला नाही, तुला आहे. तिच्या वाक्यांचं आधी उरकतो. पहिलं झकास. ड्रायव्हर तारवटल्या डोळ्यांनी घरी आला, यात काही चूक नाही. दुसऱ्यात तो शब्दच नाही. आणि ही वाक्यं ऋष्याची नाहीत, त्या आळश्यानं बायकोला कामाला लावलंय. भेटला की कान पिळणार आहे.

आता तू. आई गेली तेव्हा तू परकर नेसत होतीस. तुझं लग्न मी केलं. ऋष्याच्या बारशाला पाळणा मी आणला. एका भाऊबीजेला मी चुकलो नाही. आज मी दुसऱ्याच्या हाताला धरून परसाकडं जातो आणि तुला यायला होत नाही. गाव हसतंय. चुलत्यामालत्यांतली लंकाबाई येऊन बसून गेली, सोमाजी आला, ज्याच्याशी बांधावरून भांडण तो बहिरूसुद्धा केळी घेऊन आला. तू नाहीस. माझ्याकडून काय आगळीक झाली ते तरी कळव. नाहीतर यापुढं येऊच नकोस. मीही तुझ्या दाराला येणार नाही. तुझा भाऊ गेला असं समज.

हौशीराम

(चिठ्ठी)

ताई, शेवटचं वाक्य मी गाळलं होतं. त्यांनी मला पत्र परत वाचायला लावलं आणि म्हणाले, शेवट राहिला. पाकीट त्यांच्यासमोर चिकटवायला लावलं, ही चिठ्ठी मी पत्राच्या घडीतच सरकवली. आदेश म्हणतात आजच सांगून टाकू. टाके पुढच्या आठवड्यात काढायचे आहेत. आत्यांना विचारा, सांगू का? त्या म्हणतील तसं करतो. मला आता मोठ्यानं वाचायची आणि लिहायची भीती वाटते.

अक्षदा


डिंभे
१६ मार्च १९९८

दादास बयाचा नमस्कार. मी सांगते, उज्ज्वला लिवती.

तुजं पत्र ऐकलं. तुजं काय चुकलं न्हाई. मलाच राग आला व्हता. कशाचा ते आता ध्यानात न्हाई. डोळा बरा झाला की तू ये, मग भांडू. तवर रागवायचं तेवढं रागव, पर डोळ्याला हात लावू नगं.

बया

(‘फक्त अक्षदाला’)

अक्षदा, ‘तुझा भाऊ गेला असं समज’ हे मी वाचलं आणि थांबले. आत्याबाई म्हणाल्या, “फुडं?” मी म्हटलं, संपलं. त्या म्हणाल्या, “रागावलाय. बरं झालं. रागावल्याला माणूस रडत न्हाई.” मग मला कागद घ्यायला लावला आणि वरचं सांगितलं. मी म्हटलं, आत्याबाई, आता सांगून टाकू द्या त्यांना, आठवड्याचा तर प्रश्न आहे. त्यांनी मान हलवली. “माझा लेक गेला डोळ्यापायी. आता भावाचा डोळा जाऊ देऊ का? त्याला एकच हाय.”

हे बोलताना त्यांचा आवाजही हलला नाही. हे गेले त्या दिवसापासून मी त्यांना रडताना बघितलेलं नाही. आम्ही दोघी जेवतो, भांडी घासतो, दिवा लावतो. आमच्या घरात आवाज म्हणून नाही.


बोरी बुद्रुक
२२ मार्च १९९८

उज्ज्वलाताईंना नमस्कार.

टाके निघाले. डॉक्टरांनी चष्मा लावून समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली, तात्यांनी खालच्या ओळीपर्यंत वाचली. आदेशनी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं की घरात वाईट बातमी आहे, सांगितली तर चालेल का. ते म्हणाले आता चालेल.

घरी आल्यावर आदेशनी सांगितलं. मी दाराशी उभी होते. तात्या म्हणाले, कधी? आदेश म्हणाले, तुमच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी. मग म्हणाले, कसा? तेही सांगितलं.  आम्हाला वाटलं आता कोसळतील, आदेश त्यांच्या पाठीमागं उभे राहिले. तर ते माझ्याकडं वळून म्हणाले, “मी बयाला काय काय लिहिलं ते सांग.” मी म्हटलं, तात्या, जाऊ द्या. ते म्हणाले, सांग. मला ते सगळं पाठ होतं. भिंतीकडं बघून सांगितलं, बैलाचंसुद्धा.

ते रडले नाहीत. संध्याकाळी औषधाचे थेंब स्वतःच्या हातानं घातले. आदेशनी आणून ठेवलेलं लुगडं पेटीतून काढायला लावलं, उजेडात नेऊन बघितलं आणि म्हणाले, हे नको, बयाला हिरवं आवडतं. मी म्हटलं, तात्या, दुखवट्याला हिरवं कसं चालेल. मग तेच घेतो म्हणाले. गुरुवारी दोघं तुमच्याकडं निघतील. मला दिवस गेलेत म्हणून घाटवळणाचा प्रवास नको म्हणतात. हे बापलेक परत येऊन काही सांगायचे नाहीत. तिथं काय होईल ते तुम्हीच मला लिहा.

अक्षदा


डिंभे
३० मार्च १९९८

अक्षदा,

मामा आले तेव्हा मी अंगणात होते. एसटी लांब थांबते, तिथून ते आदेशभावजींचा हात न धरता चालत आले. काळा चष्मा होता. माझ्यापाशी थांबले आणि डोक्यावर हात ठेवला.  

आत्याबाई आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. उठल्या नाहीत. म्हणाल्या, “दिसतं का रं दादा?”

“दिसतं.”

“समदं?”

“सगळं दिसतं. तू किती वाळलीस ते दिसतं.”

मग मामा त्यांच्यासमोर खाली बसले आणि एकदम चिडले. मी त्यांना असं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, “तू कोण ठरवणार गं? माझा डोळा होता. माझा भाचा होता. त्याला खांदा द्यायला मी आंधळासुद्धा आलो असतो. इथं तू उंबऱ्याच्या आत बसलीस आणि तिथं मी बैलांच्या गोष्टी सांगत होतो. मला एकदा विचारलं असतंस तर?”

आत्याबाई म्हणाल्या, “इचारलं असतं तर तू काय म्हनला असतास ते मला ठावं व्हतं. म्हनून न्हाई इचारलं.”

 मामांनी पिशवीतून लुगडं काढलं आणि दोन्ही हातांनी त्यांच्या ओटीत ठेवलं. मामांना बाहेर पाठवून मी त्यांना नेसवलं. मग मामांनी त्यांचा हात धरला आणि उंबरा ओलांडून त्यांना अंगणात आणलं. उन्हात आल्यावर त्या तिथंच पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. इतके दिवस धरून ठेवलेलं सगळं बाहेर आलं, शेजारपाजारच्या बाया धावत आल्या. पण अक्षदा, रडता रडता त्या पदरानं मामांचा डोळा टिपत होत्या, “तू नगं, दादा, तू नगं,” म्हणत होत्या. मामांचा डोळा कोरडाच होता. तरी त्या टिपत होत्या आणि मामा त्यांना टिपू देत होते.

मी सगळ्यांना चहा दिला. दुपारी मामा आणि आत्याबाई ओट्यावर बसले होते, आवाज येत होता, काय बोलत होते ते कळत नव्हतं. मी जरा टेकावं म्हणून आत गेले आणि मला झोप लागली. ह्यांच्यामागं पहिल्यांदाच अशी गाढ लागली. मामा निघाले तरी मला कुणी उठवलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. मी पडल्या पडल्या रस्त्याकडं कान दिला. मनात आलं, उशीर झाला, अजून गाडी कशी आली नाही. मग आठवलं. इतके दिवस मी झोपलेच नव्हते, म्हणून असं एकदाही झालं नव्हतं. काल पुन्हा झोप लागली आणि पुन्हा तसंच झालं. आता मला रोज झोप येईल.

तब्येतीला जप.

उज्ज्वला